जाडी आणि गोडी

१. मराठी वाचक पुस्तकाच्या जाडीला घाबरतो, हे खोटे. आमच्या बेळगावच्या शहापुरात ‘मृत्युंजय’ दोनदोनदा वाचलेली माणसे गल्लोगल्ली भेटतील. तीच माणसे ‘ड्यून’ ही विज्ञान कादंबरी मात्र पन्नासाव्या पानाच्या आत खाली ठेवतात. कर्ण आपल्याला आजीच्या गोष्टींतूनच ओळखीचा. हस्तिनापूर म्हणजे काय, हे शिवाजी सावंतांना समजावून सांगावे लागले नाही. ‘ड्यून’ लिहिताना फ्रँक हर्बर्टला वाळवंट, घराणी, धर्म, थेंबभर पाणी जपायच्या रीती, सगळे नव्याने उभे करायचे होते. शेवटी शब्दकोशही जोडावा लागला. शहापूर-वडगावच्या मागवाल्यांना हे वेगळे सांगायला नको: ताणा लागल्याशिवाय कापड दिसत नाही.

२. विज्ञानकथेची आपली आवड दिवाळी अंकांनी घडवली. ‘नवल’, ‘धनंजय’ घ्यायचे, फराळाच्या ताटाशेजारी ठेवायचे आणि एका बैठकीत गोष्ट संपवायची. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ पाठवली ती कथाच, आणि तीही नारायण विनायक जगताप या नावाने. (आद्याक्षरे उलटी वाचा, म्हणजे गंमत कळेल.) पुढे ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’, ‘व्हायरस’ या कादंबऱ्या आल्या, पण त्याही आटोपशीर. ‘वामन’मधले जमिनीखाली सापडलेले प्राचीन ज्ञान आणि त्यातून घडलेला यंत्रमानव, एवढ्या ऐवजावर दुसऱ्या कुणी तीन खंड पाडले असते! नारळीकरांचा हा आटोपशीरपणा मला आवडतो. तरी ‘वामन’ मिटताना वाटतेच, की अजून थोडे राहू दिले असते त्या जगात.

३. परदेशी विज्ञानकथेचे जाड ठोकळेही मुळात हप्त्याहप्त्यानेच आले. आसिमॉव्हच्या ‘फाउंडेशन’च्या कथा १९४२पासून मासिकात येत होत्या, पुस्तक १९५१चे. ‘ड्यून’ १९६५ साली पुस्तक होण्याआधी मासिकातच आली. चीनच्या ल्यू त्सशिनची ‘थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ही २००६मध्ये मासिकातून क्रमशः छापली गेली. मग आपणच एका दमात संपवायचा हट्ट का धरावा? रोज एक प्रकरण पुरे. बेळगावचा पाऊस लागला की तसेही घराबाहेर पडवत नाही.

४. जाड कादंबरी वाचताना पात्रांची नावे कागदावर लिहून तो कागद पुस्तकातच ठेवावा. शंभर पानांत माणसे जिवंत झाली नाहीत, तर पुस्तक कागदासकट वाचनालयात परत करावे. पुढच्या वाचकाची सोय होते.

५. लांबीची खरी कमाई म्हणजे काळ. कथेत ‘शंभर वर्षे गेली’ असे एका ओळीत लिहिता येते, पण ती गेल्यासारखी वाटत नाहीत. ‘फाउंडेशन’मध्ये साल्वॉर हार्डिन हा आधी डावपेच लढवणारा महापौर असतो, पुढच्या भागांत लोक त्याची वाक्ये सुभाषितासारखी तोंडावर फेकतात. त्याला कामात गुंतलेला आपण पाहिलेला असतो, म्हणून हसूही येते आणि जरा चरकायलाही होते. दिवाळी अंकाच्या आठ पानांत हे जमत नाही.

६. मालिकांबाबत सावध असावे. वाचनालयाच्या कपाटात पहिल्या खंडाची शिवण उसवलेली आणि शेवटचा कोरा करकरीत दिसला, की वाचकांचा कौल समजतो. हर्बर्टने ‘ड्यून’चे सहा भाग लिहिले. पहिला जरूर वाचा. उरलेले पाच ज्याच्या त्याच्या हिमतीवर.