फवारणीच्या नोंदी संगणकावर : संबंधित तक्ते व अवलंबी याद्या

फवारणीची वही आपल्यापैकी अनेकजण ठेवतात. परंतु माल काढणीला आला, व्यापारी बांधावर उभा राहिला, की प्रश्न पडतो : सर्व औषधांचा काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी संपला का? वहीत एकाच औषधाचे नाव तीन प्रकारे लिहिलेले असेल, तर उत्तर चटकन सापडत नाही. अंदाज चुकला तर औषधाचे अवशेष मालात राहतात आणि माल नाकारला जाऊ शकतो. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेससारख्या संगणक प्रणालीत हीच वही नीट मांडल्यास ही अडचण दूर होते.

शिफारस जोडीला असते

कोणत्याही कीडनाशकाची शिफारस पीक आणि औषध या जोडीसाठी असते. मोनोक्रोटोफॉसच्या भाजीपाल्यावरील वापरास २००५ साली बंदी आली. इतर काही पिकांवर मात्र तो त्यानंतरही अनेक वर्षे वापरात होता. प्रतीक्षा कालावधीही पिकानुसार बदलतो. म्हणून सर्व माहिती एकाच लांबलचक तक्त्यात न भरता पुढील चार तक्ते करावेत.

१. पिके : पीक क्रमांक, पिकाचे नाव.
२. औषधे : औषध क्रमांक, लेबलवर आहे तसे तीव्रतेसह पूर्ण नाव.
३. शिफारशी : पीक क्रमांक, औषध क्रमांक, प्रतीक्षेचे दिवस, चालू आहे किंवा नाही.
४. फवारण्या : तारीख, प्लॉट क्रमांक, पीक क्रमांक, औषध क्रमांक, वापरलेली मात्रा.

पहिल्या दोन तक्त्यांत क्रमांक ही प्रायमरी की ठेवावी. शिफारशींच्या तक्त्यात पीक क्रमांक व औषध क्रमांक दोन्ही मिळून एक की करावी. नंतर रिलेशनशिप्सच्या खिडकीत पिके व औषधे हे तक्ते शिफारशींशी जोडावेत. फवारण्यांचा तक्ताही याच दोन्ही क्रमांकांनी शिफारशींशी जोडावा. जोडताना 'एन्फोर्स रेफरेन्शियल इंटिग्रिटी' या चौकटीत खूण करावी आणि फवारण्यांच्या तक्त्यात हे दोन्ही रकाने भरणे सक्तीचे करावे. मग तक्त्यात नसलेली जोडी संगणक स्वीकारत नाही.

अवलंबी यादी

फवारणीच्या फॉर्मवर दोन कॉम्बो बॉक्स घ्यावेत. पहिल्यात पिकांची यादी येईल. दुसऱ्याच्या 'रो सोर्स'मध्ये औषधे व शिफारशी या तक्त्यांची क्वेरी करावी आणि तीत दोन अटी घालाव्यात : पीक क्रमांक फॉर्मवर निवडलेल्या पिकाएवढा असावा व शिफारस चालू असावी. टोमॅटो निवडला की फक्त टोमॅटोसाठी शिफारस असलेली औषधे दिसतील.

येथे एक काळजी घ्यावी. पीक बदलले तरी यादी आपोआप बदलत नाही. त्यासाठी पिकाच्या बॉक्सच्या 'आफ्टर अपडेट'मध्ये दोन आज्ञा द्याव्यात : आधी निवडलेले औषध पुसणे व औषधांची यादी 'रीक्वेरी' करणे. जुन्या नोंदी पाहताना यादी बरोबर राहावी म्हणून फॉर्मच्या 'ऑन करंट'मध्येही रीक्वेरी ठेवावी.

काढणीची तारीख

फवारणीच्या तारखेत प्रतीक्षेचे दिवस मिळवणारी क्वेरी करावी आणि प्लॉटवरील चालू पिकाच्या सर्व फवारण्यांतून सर्वांत उशिराची तारीख घ्यावी. केवळ शेवटची फवारणी पाहू नये. समजा, १ तारखेला १५ दिवस प्रतीक्षेचे व ८ तारखेला ३ दिवस प्रतीक्षेचे औषध फवारले. शेवटच्या फवारणीवरून ११ तारीख निघते, परंतु आधीच्या औषधासाठी १६ तारखेपर्यंत थांबावेच लागते.

हे लक्षात ठेवा

• प्रतीक्षेचे दिवस डब्यावरील लेबल वाचूनच भरावेत. ऐकीव माहिती भरू नये.
• औषधावर बंदी आल्यास शिफारस पुसू नये, 'चालू नाही' अशी खूण करावी. जुन्या नोंदी शाबूत राहतात व नव्या यादीत ते औषध दिसत नाही.
• हंगामापूर्वी शिफारशींचा तक्ता कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांकडून तपासून घ्यावा. हा तक्ता चुकला, तर पुढचा सर्व हिशेब चुकतो.

सुरुवात एका पिकाने करावी. एक हंगाम नोंदी नीट झाल्या की बाकीची पिके त्याच तक्त्यांत वाढवता येतात.