काचेच्या टांकींत फायटर मासा सोडण्याची रीत

काचेच्या टांकींत रंगीत मासे पाळण्याची हौस आतां खेड्यांतील घरांतही शिरली आहे, आणि मुलांच्या हट्टापायीं फायटर मासा हटकून आणला जातो. विकणारा "कोणाबरोबरही राहतो" म्हणून सांगतो. आम्हीही ह्याच भरंवशावर नातवाच्या टांकींतील गप्पी माशांत एक लाल नर सोडला. तिसऱ्या दिवशीं सकाळीं दोन गप्पी मरून तरंगत होते व उरलेल्यांच्या शेपट्या फाटल्या होत्या. पोर दिवसभर जेवलें नाहीं. चूक माशाची नव्हती, आमची होती. तशी ती वाचकांच्या हातून होऊं नये म्हणून हा लेख.

हा मासा सयामचा, म्हणजे हल्लींच्या थायलंडचा. शास्त्रांत त्यास बेटा स्प्लेंडेन्स म्हणतात. थायलंड सरकारनें २०१९ सालीं त्यास राष्ट्रीय जलचर ठरविलें. त्याचें मूळ घर भातखाचरें, दलदल व उथळ संथ पाणी. अशा पाण्यांत प्राणवायु थोडा असल्यामुळें ह्याच्या कल्ल्यांच्या वर एक घड्यांचें इंद्रिय असून तो पृष्ठभागीं येऊन हवा घेतो. आपल्याकडील मरळ मासाही असाच वर येऊन श्वास घेतो, हें पुष्कळांनीं पाहिलें असेल. नर पाण्यावर बुडबुड्यांचें घरटें करून अंडीं राखतो व आपल्या हद्दींत दुसरा नर येऊं देत नाहीं. त्यांत सयामी लोकांनीं पिढ्यान्‌पिढ्या झुंजीसाठीं निवडून वाढविल्यानें बाजारांतील मासा अधिकच तापट झाला आहे. लांब रंगीत शेपटीचा गप्पी त्यास प्रतिस्पर्धी नरासारखा दिसतो.

म्हणून सोबती आधीं पारखावे. तळाशीं फिरणारे कोरिडोरास अथवा हार्लेक्विन रासबोरा हे शांत मासे सहा-आठांच्या थव्यानें ठेवल्यास बहुधा जमतें. गुरामी हे त्याचेच भाऊबंद, ते नकोत. टायगर बार्ब तर उलट त्याचेच पर कुरतडतो. दोन नर एका टांकींत कधींही ठेवूं नयेत.

टांकी साठ लिटरांहून लहान नसावी, व ती जुनी, मुरलेली असावी. माशांच्या विष्ठेपासून अमोनिया होतो. जंतू त्याचें प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट करतात. शेणखताचें जमिनींत जें होतें तेंच हें. नव्या टांकींत हे जंतू जमण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोंवर घाई करूं नये. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन काढून टाकावें. पाण्याची उष्णता २४ ते २८ अंश सेल्सिअस हवी. देशावर थंडीच्या रात्रीं हीटर लागतोच. झांकण असावें, कारण मासा उडी मारतो. परंतु पाणी व झांकण ह्यांत दोन-तीन बोटें हवा राखावी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट क्रमाची. फायटर आधीं सोडला तर सारी टांकी आपल्याच कब्जेवहिवाटीची समजतो, व मागून येणारा प्रत्येकजण त्यास अतिक्रमण करणारा वाटतो. आमचें आयुष्य महसुलाच्या दप्तरांत गेलें, त्यामुळें ही वृत्ति आम्हांस ओळखीची आहे! तो शेवटीं यावा. आणल्यावर तीन-चार आठवडे निराळ्या पेटींत ठेवून रोग नाहीं अशी खात्री करावी. सोडण्याच्या दिवशीं दगड व वनस्पति हलवून जागा बदलाव्या, म्हणजे जुन्यांच्याही हद्दी मोडतात. दिवा मालवून पिशवी पंधरा-वीस मिनिटें टांकींत तरंगूं द्यावी. मग दर पांच मिनिटांनीं थोडें थोडें टांकींतलें पाणी तींत घालावें, व शेवटीं मासा जाळीनें सोडून पिशवींतलें पाणी फेंकून द्यावें.

पहिला तासभर समोर बसावें. कल्ले फुगवून एकदोन वेळां अंगावर गेला तर घाबरूं नये. पण पाठलाग थांबेना, पर फाटूं लागले, किंवा तोच कोपऱ्यांत दडून खाईना, तर त्यास तत्काळ बाहेर काढावें. ह्यासाठीं दुसरी पेटी भरून तयार असावी. न जमलेला मासा विहिरींत अगर ओढ्यांत मात्र सोडूं नये.

आमचे उरलेले गप्पी डासांसाठीं हौदांत गेले. तोच लाल नर आतां सहा कोरिडोरासांबरोबर पांच महिने राहत आहे, आणि शेवटची पिशवी नातवानें स्वतः उघडली.