*रेडिएटरचं पाणी घटतंय, इंजिन ऑइल वाढतंय? ट्रॅक्टर तिथेच बंद करा*



आजचा सल्ला धानाचा नाही, ट्रॅक्टरचा आहे. पण रोवणी त्याच्यावरच अडून आहे. पऱ्हे २१ ते २५ दिवसांचे झाले की चिखलणीला थांबता येत नाही. त्यामुळे इंजिन कुरकुरत असलं तरी "एवढ्या दोन बांध्या होऊ द्या, मग दाखवू" असं आपण म्हणतो. बाकी बिघाडात हे चालूनही जाईल. इंजिन ऑइलमध्ये पाणी उतरलं असेल, तर मात्र त्याच दोन बांध्यांत क्रँक जातो.

*असं का होतं?*
क्रँक आणि बेअरिंग यांच्यामध्ये ऑइलचा पातळ थर असतो. ऑइलमध्ये पाणी किंवा कूलंट मिसळलं की तो थर तुटतो आणि लोखंड लोखंडावर घासतं. वेळेत थांबलात तर काम पॅकिंग नाहीतर रबर रिंगवर भागतं. चालवत राहिलात तर क्रँक ग्राइंडिंग, नवे बेअरिंग आणि हंगाम हातचा गेलेला.

*रोज सकाळी, इंजिन थंड असताना, दोनच गोष्टी बघा*
१) रेडिएटरचं पाणी. (गरम इंजिनची टोपी कधीही उघडू नका, वाफेने तोंड भाजतं.)
२) ऑइलची गेज पट्टी. ट्रॅक्टर सपाट जागेवर उभा असावा.

बाहेर कुठे गळती नाही, तरी पाणी घटतंय आणि पट्टीवर ऑइल वर चढतंय, तर संशय पक्का धरा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं, तर सेल्फ मारूच नका.

*गल्लत करू नका*
▪️ ऑइल वाढलं, पण काळंच आहे, पातळ झालंय आणि डिझेलचा वास येतो: ऑइलमध्ये डिझेल उतरतंय. दोष डिझेल पंपाकडे असू शकतो. हाही ट्रॅक्टर चालवू नका.
▪️ फक्त ऑइल भरायच्या झाकणाखाली थोडी पांढरी साय, पट्टी मात्र स्वच्छ: पावसाळी दमटपणाने असं होतं. लक्ष ठेवा.
▪️ गिअर-हायड्रॉलिकचं ऑइल पांढरं झालं: हे बहुधा चिखलणीत सीलमधून शिरलेलं बांधीचं पाणी असतं. ते वेगळं काम आहे.

*घरी करायची खात्री*
ट्रॅक्टर रात्रभर बंद ठेवा. पाणी ऑइलपेक्षा जड, म्हणून ते चेंबरच्या तळाशी बसतं. सकाळी खाली भांडं ठेवून ड्रेन नट हळूच सैल करा. आधी पाणी आलं तर शंका उरत नाही.
पाणी ऑइलमध्ये घुसळून एकजीव झालं असेल, तर ते वेगळं निघणार नाही. तेव्हा जुना पत्रा तापवून विस्तवावरून खाली घ्या आणि लांबून ऑइलचे एक-दोन थेंब टाका. तडतडलं तर पाणी आहे.

*मिस्त्रीला "हेड खोला" म्हणण्याआधी*
पाणी दोन वाटांनी उतरू शकतं. *वरून*, म्हणजे हेडचं पॅकिंग जळलेलं किंवा हेड तडकलेलं. *खालून*, म्हणजे लायनरच्या खालच्या रबर रिंग गेलेल्या किंवा लायनरला बारीक छिद्र पडलेलं. आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॅक्टरच्या लायनरला बाहेरून थेट पाणी लागतं. अशा इंजिनमध्ये दोष खाली असताना नुसतं हेड पॅकिंग बदललं, तर पैसे जातात आणि पाणी पुन्हा उतरतं.

म्हणून आधी ऑइल चेंबर खाली उतरवायला सांगा. मग रेडिएटरला हातपंपाने दाब द्यायचा, टोपीवर लिहिलेल्या दाबापेक्षा जास्त नाही. खालून बॅटरी घेऊन बघा. लायनरच्या बुडातून थेंब पडला तर कोणता सिलिंडर तेही कळतं. लायनर कोरडे राहून पाणी वरून ओघळत आलं, तर हेड. ज्यांच्या इंजिनला पाण्यावर चालणारा ऑइल कूलर आहे, त्यांनी तोही तपासून घ्यावा.

सेल्फ मारताना इंजिन अडकलं तर जोर लावू नका, धक्काही देऊ नका. सिलिंडरमध्ये पाणी भरलेलं असू शकतं. रॉड वाकतो.

*दुरुस्तीत हे समोर उभं राहून करून घ्या*
✅ हेड काढलं की सरळपट्टी ठेवून वाकलं का ते बघणे आणि वर्कशॉपमध्ये तडा तपासणे.
✅ पॅकिंग नवीनच. हेडचे नट टॉर्क पान्याने, मधून कडेला, टप्प्याटप्प्याने. आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तकातला.
✅ लायनर काढला तर रिंगची खाच साफ करून सगळ्या रिंग नवीन.
✅ चेंबर उतरलेलंच आहे, तर बेअरिंगही बघून घेणे.
✅ शेवटी नवीन फिल्टर आणि ऑइल टाकून, लोड न देता १०-१५ मिनिटे चालवून ते ऑइल काढून टाकणे. पुन्हा दुधाळ आलं तर परत एकदा. मगच कायमचं ऑइल आणि आणखी एक नवीन फिल्टर.

*पुन्हा होऊ नये म्हणून*
▪️ रेडिएटरच्या जाळीत चिखल आणि तणसाचा कोंडा अडकतो. चिखलणीत आणि मळणीत ती रोज साफ करा. फॅन बेल्ट सैल नको.
▪️ तापलेल्या इंजिनमध्ये बांधीचं थंड पाणी ओतू नका. हेड यानेच तडकतं.
▪️ नहराचं किंवा बोअरचं पाणी कायम वापरू नका. डब्यावर दिलेल्या प्रमाणात कूलंट आणि स्वच्छ पाणी वापरा. लायनरला छिद्रं पडणंही त्याने कमी होतं.
▪️ काढलेलं कूलंट गोड असतं आणि विषारीही. जनावरं, कुत्री चाटतात. उघडं ठेवू नका. जुनं ऑइल बांधीत सांडू नका.

संशय आला तर उरलेल्या बांध्या शेजारच्या ट्रॅक्टरने भाड्याने करून घ्या. ते भाडं क्रँकच्या खर्चापुढे काहीच नाही.

उद्या सकाळी पट्टी बघा. ऑइल दुधाळ दिसलं तर फोटो, ट्रॅक्टरचं मॉडेल आणि किती तास चालला ते याच नंबरवर पाठवा.

– तुमचा कृषी सल्लागार