चुकले तरी बोला

बस, तिकीट, डॉक्टर, ऑपरेशन. हे इंग्रजी शब्द आपण रोज बोलतो. मग इंग्रजी वाक्य बोलताना जीभ का अडते?

मराठीत क्रियापद शेवटी येते. ‘मी पाणी पितो.’ इंग्रजीत ते मधे येते. ‘आय ड्रिंक वॉटर.’ म्हणून एकेक शब्द जुळवत बसू नका. अख्खे वाक्यच तोंडी बसवा. मग पाण्याच्या जागी चहा घाला. ‘आय ड्रिंक टी.’ दूध घाला. ‘आय ड्रिंक मिल्क.’ एका वाक्याची तीन झाली! रोज दोघे मिळून मोठ्याने म्हणा.

चुकले तर चुकू द्या. मी शाळेत चुकणाऱ्या मुलांवर खेकसत असे. मुले बोलायचीच थांबली. चूक माझी होती. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही. तुम्ही बोला. दुसरा चुकला तर हसू नका.