जुन्या वाहनाचे ‘पासिंग’ : प्रमाणपत्राचा भरवसा किती?

पश्चिम रेल्वेच्या बोईसर स्थानकापासून थोड्या अंतरावर, तारापूर औद्योगिक वसाहतीला लागून सालवड हे गाव आहे. कारखान्यांची पाळी बदलण्याच्या वेळी येथील रस्ते गजबजून जातात. कामगारांची ने-आण करणाऱ्या गाड्या, मालाची पिंपे वाहणारे टेम्पो, शाळकरी मुलांच्या रिक्षा आणि चिल्हार फाट्यामार्गे राष्ट्रीय महामार्ग गाठू पाहणारे मालट्रक एकाच रस्त्याने धावत असतात. यातील कित्येक वाहने दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाच्या हाती आलेली असतात. नवे वाहन घेण्याची ऐपत नसलेल्या तरुणाला जुना टेम्पो हेच स्वयंरोजगाराचे साधन ठरते. अशा वाहनाचा सौदा होताना ‘पासिंग झालेले आहे’ हे एकच वाक्य बहुधा निर्णायक ठरते. या वाक्यावर किती विसंबावे, हे केवळ खरेदीदारानेच नव्हे, तर त्या वाहनातून मुलांना शाळेत धाडणाऱ्या प्रत्येक पालकाने जाणून घेणे अगत्याचे आहे.

कायदा काय सांगतो?

ज्याला बोलीभाषेत पासिंग म्हणतात, ते म्हणजे मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 56 खालील योग्यता प्रमाणपत्र होय. हे प्रमाणपत्र नसलेल्या परिवहन वाहनाची नोंदणी वैध मानली जात नाही. नव्या परिवहन वाहनाला ते दोन वर्षांसाठी मिळते. पुढे वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी त्याचे नूतनीकरण करावे लागते. वय वाढेल तसे तपासणीचे अंतर कमी व्हावे, हे यामागील तत्त्व आहे.

खाजगी मोटारगाडीची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते आणि त्यानंतर तपासणी होऊन ती पाच वर्षांसाठी वाढविता येते. म्हणजेच बारा-तेरा वर्षे वापरलेली खाजगी गाडी विकत घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे की, पहिल्या नोंदणीनंतर तिच्या ब्रेकची किंवा सुकाणूची सक्तीची नियतकालिक तपासणी झालेलीच नसते. प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र असते खरे, परंतु ते धुरापुरते असते. गाडी वेळेवर थांबेल की नाही, याविषयी ते काहीही सांगत नाही.

डोळ्यांना दिसते ते आणि न दिसणारे

सालवड परिसराच्या पश्चिमेस समुद्र आहे. खारी हवा, चार महिन्यांचा मुसळधार पाऊस आणि औद्योगिक वातावरण यांचा परिणाम लोखंडावर झाल्याशिवाय राहत नाही. गंज बहुधा आतून सुरू होतो. चॅसिसच्या पोकळ भागात, पाट्यांच्या बैठकीजवळ आणि ब्रेकच्या धातूच्या नळ्यांवर तो वाढत जातो. वरचा पत्रा ठोकून, पुटी भरून, रंग दिला की गाडी नवी दिसू लागते, पण खालची नळी जशीच्या तशी असते. हायड्रॉलिक ब्रेकमधील तेल हवेतील ओलावा शोषून घेते. सतत ब्रेक लावल्याने ते तापते, तेव्हा त्या ओलाव्याची वाफ होते आणि ब्रेकचे पायडल एकाएकी मऊ पडते. रबरी नळ्या व वॉशर वयोमानाने कडक होतात, त्यांना तडे जातात.

सपाट मैदानावर, रिकाम्या गाडीवर, संथ गतीने घेतलेल्या चाचणीत यातील बरेचसे दोष प्रकट होत नाहीत. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर सुमारे चौपट होते. ताशी 20 किलोमीटर वेगाने समाधानकारक थांबणारा टेम्पो भरलेल्या अवस्थेत ताशी 40 किलोमीटर वेगाने तसाच थांबेल, असे त्यावरून म्हणता येत नाही.

तपासणीची विश्वसनीयता

कोणत्याही तपासणीत दोन प्रकारच्या चुका संभवतात. चांगले वाहन नापास होणे ही एक आणि सदोष वाहन उत्तीर्ण होणे ही दुसरी. पहिल्या चुकीने मालकाचा एखादा दिवस व थोडा पैसा वाया जातो. दुसरीची किंमत रस्त्यावरील अनोळखी माणूस मोजतो. त्यामुळे दुसरी चूक कमीत कमी व्हावी, अशीच पद्धती असावयास हवी.

महाराष्ट्रात हा प्रश्न जनहित याचिकेच्या रूपाने मुंबई उच्च न्यायालयापुढे आला होता. ब्रेक चाचणीसाठी 250 मीटर लांबीचा स्वतंत्र मार्ग असावा, या मुद्द्याला त्यातून महत्त्व प्राप्त झाले. पुरेशी जागा नसेल तर निरीक्षक कितीही कुशल असला तरी त्याची चाचणी अपुरीच राहते.

पुढचे पाऊल यंत्राधारित तपासणीचे आहे. स्वयंचलित तपासणी केंद्रांविषयीचे नियम केंद्र शासनाने सप्टेंबर 2021 मध्ये अधिसूचित केले. अशा केंद्रात चाके रोलरवर फिरवून ब्रेकचे बल मोजले जाते. डाव्या व उजव्या चाकांच्या बलातील तफावत लगेच आकड्यांत दिसते. गाडी एका बाजूस का ओढते, याचे उत्तर तेथे मिळते. हे केंद्र चालविणाऱ्याने वाहनदुरुस्तीचा किंवा वाहने व सुटे भाग यांच्या विक्रीचा व्यवसाय त्यासोबत करू नये, असे बंधन नियमांत आहे. तपासणाऱ्याचा हितसंबंध निकालात गुंतू नये, हा त्यामागील विचार आहे.

तथापि यंत्रालाही मर्यादा आहेत. तपासणीच्या दिवसापुरते बरे टायर चढवून आणले, तर यंत्र तेच टायर पाहणार. दुसऱ्या दिवशी जुने गुळगुळीत टायर पुन्हा बसले, तर प्रमाणपत्र कागदावर वैध राहते आणि गाडी मात्र अयोग्य होते. प्रमाणपत्र ही तपासणीच्या दिवसाची साक्ष होय. उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांची हमी त्यात नसते.

गावपातळीवरील दक्षता

या उरलेल्या दिवसांची जबाबदारी मालक, चालक आणि समाज यांच्याकडे येते. जुने वाहन घेणाऱ्याने कागदपत्रांबरोबरच पुढील बाबी पाहाव्यात : चारचाकीच्या टायरची नक्षी किमान 1.6 मिलिमीटर खोल आहे काय. पायडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जाते काय. सुकाणूचक्र किती मोकळे फिरते. चॅसिसवर ताजे वेल्डिंग किंवा नव्या रंगाचा थर आहे काय. ओळखीच्या मिस्त्रीकडून गाडी उचलून खालची बाजू पाहून घेतल्यास होणारा खर्च पुढील नुकसानीच्या मानाने नगण्य असतो. योग्यता प्रमाणपत्र व विमा यांची मुदत ‘एम-परिवहन’ या शासकीय ॲपवर वाहन क्रमांकावरून पाहता येते.

शाळांसाठी महाराष्ट्रात 2011 चे शालेय बसविषयक नियम आहेत. त्यानुसार मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली शालेय परिवहन समिती असते. या समितीच्या बैठकीत केवळ प्रमाणपत्रांच्या प्रती फाइलला न लावता, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर प्रत्येक वाहन प्रत्यक्ष पाहण्याचा प्रघात पाडता येईल. किनाऱ्यालगतच्या गावांत तर तो आवश्यकच मानावा.

ग्रामपंचायत सदस्यांनाही येथे कार्य आहे. एखादे वाहन उघडपणे धोकादायक स्थितीत प्रवासी वाहत असेल, तर त्याचा क्रमांक, मार्ग व दोष नमूद करून परिवहन कार्यालयाकडे लेखी कळवावे. वाहन नियमांची पूर्तता करीत नाही अशी खात्री झाल्यास, मुदत शिल्लक असतानाही सकारण आदेश काढून योग्यता प्रमाणपत्र रद्द करण्याचा अधिकार कलम 56 अन्वये विहित प्राधिकाऱ्यास आहे. या तरतुदीचा उपयोग होण्यासाठी माहिती मात्र गावातूनच जावी लागते.

जुने वाहन म्हणजे वाईट वाहन असे मुळीच नाही. नियमित निगा राखलेला दहा वर्षांचा टेम्पो हयगयीने वापरलेल्या तीन वर्षांच्या टेम्पोहून अधिक भरवशाचा असू शकतो. तो भरवसा वर्षातून एकदा तपासणीच्या मैदानावर सिद्ध करावा लागतो आणि दररोज सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी ब्रेकवर पाय ठेवून पुन्हा पडताळून पाहावा लागतो.