ग्रामसभेत उभं राहण्याआधी: पुतणीला कानमंत्र

पोरी, वस्तीवरच्या गटारासाठी यंदा ग्रामसभेत बोलणार म्हणतेस. जरूर बोल. मी ग्रामसेवक म्हणून नोकरीभर सभेच्या टेबलापलीकडे बसलो, म्हणून सांगतो. गावाचा पैसा मोठ्या आवाजाला मिळत नाही, वेळेत कागदावर आलेल्या मागण्याला मिळतो. पुढचं सगळं त्यासाठीच.

तारीख चुकवू नको. 26 जानेवारीला झेंडावंदन झालं की सगळ्यांना गावाचं काम आठवतं. पण पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्याची मोहीम 2018 पासून 2 ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते आणि जानेवारीत अंदाजपत्रक पंचायत समितीच्या वाटेला लागलेलं असतं. म्हणून दसऱ्याच्या आसपासच लेखी अर्ज दे. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नको.

मागणं मोजून माग. ‘आमच्या वस्तीत गटार नाही’ ही तक्रार झाली. ‘शाळेच्या फाटकापासून मारुतीच्या पारापर्यंत इतके मीटर बंदिस्त गटार, लाभ इतक्या घरांना’ हे काम झालं. टेप घेऊन आधी मोज. अभियंत्याला तिथूनच अंदाजपत्रक धरता येतं.

पैसा कुठल्या पिशवीतला, ते बघ. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 च्या अनुदानात 60 टक्के निधी बंधित होता, निम्मा पिण्याच्या पाण्याला, निम्मा स्वच्छतेला. सांडपाण्याचं काम स्वच्छतेत बसतं, सभामंडप बसत नाही. नवीन वाटणी कशी आहे, ते अर्ज लिहिण्याआधी पंचायतीत विचारून घे. शिवाय पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला-बालकल्याणासाठी, 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. गेल्या वर्षी त्यातले किती खर्चले, हा एक प्रश्न शांतपणे विचारलास तरी टेबलापलीकडची माणसं सावरून बसतात.

महिला सभा सोडू नको. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची असते. पुष्कळ गावांत ती सह्यांपुरतीच उरते. तुम्ही दहा-पंधरा जणी खरोखर जाऊन बसा आणि गटाराचा ठराव तिथूनच पुढे पाठवा. मग ते एकट्या बाईचं गाऱ्हाणं राहत नाही.

तहकूब सभेवर नजर ठेव. ग्रामसभेला मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 जण, यांतली जी संख्या कमी असेल तितकी माणसं लागतात. ती जमली नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. गर्दी पांगली की मोजकी माणसं बसून वर्षाचे निर्णय उरकतात. म्हणून ‘तहकूब’ शब्द कानावर पडला की लगेच विचार, पुढची सभा कधी, किती वाजता, कुठे. आणि त्या दिवशी हमखास जा.

कोऱ्या पानावर सही करू नको. तोंडी झालेलं प्रोसिडिंगला आलं नाही, तर ते झालंच नाही असं धर. सूचक कोण, अनुमोदक कोण हे लिहायला लाव आणि सभा संपण्याआधी ठराव मोठ्यानं वाचून घे. नंतर त्याची नक्कल माग.

कागद वाचायची सवय लाव. पंचायतीत ‘नमुना 1’ म्हणजे अंदाजपत्रक, ‘नमुना 5’ म्हणजे रोकड वही. एकात काय ठरलं ते दिसतं, दुसऱ्यात काय घडलं ते. आराखड्यात धरलेली कामं ई-ग्रामस्वराज पोर्टलवर, मोबाइलवरही दिसतात. आपलं गटार त्या यादीत आहे का, ते स्वतः बघ.

घरपट्टी-पाणीपट्टी भरून जा. थकबाकीदार बोलायला उठला की मागून कुणीतरी नमुना 9, म्हणजे कराची मागणी नोंदवही, उघडतोच, आणि गटाराचा विषय तिथेच बुडतो.

काम सुरू झालं की जागेवर जा. उंची, रुंदी, सिमेंट अंदाजपत्रकाप्रमाणे आहे का, ते बघ. मोजमाप पुस्तिकेत नोंद होऊन बिल निघण्याआधी तक्रार लेखी दे. बिल निघाल्यावरच्या तक्रारीला उत्तरं फार मिळतात, दुरुस्ती क्वचित.

आणि नुसतं आपल्या आळीपुरतं मागू नको. वरच्या आळीला पाण्याची टाकी हवी आहे, त्यांच्या ठरावाला अनुमोदन द्यायला तू उठ. तुझ्या गटाराला त्यांची माणसं उठतील. ही बोलणी सभेच्या आधी त्यांच्या ओट्यावर बसून करायची. सभेत फक्त हात वर करायचे असतात.