फुकटच्या ब्राउझरसाठी एवढी ओढाताण कशाला?

प्रश्न : मुलीने नवा लॅपटॉप घेऊन दिला. त्यात एज हा ब्राउझर आधीपासूनच होता. त्यावरून क्रोम उतरवायला गेलो, तर एजचं म्हणणं, मी असताना दुसरा कशाला? गूगल उघडलं, तर तिथे क्रोम घ्या म्हणून आग्रह. दोन्ही फुकट आणि वापरायला सारखेच. मग ही ओढाताण कशासाठी?
— एक वाचक, मुलुंड (पूर्व)

उत्तर : घाटकोपर स्टेशनचा पूल आठवा. त्यावरून चालायला कोणी पैसे घेत नाही. पण जिना उतरल्याबरोबर जो गाळा समोर येतो, त्याचा भाव विचारून पाहा! ब्राउझर म्हणजे तो पूल. वरच्या पट्टीत तुम्ही ‘आजचा मेगाब्लॉक’ असं लिहिता, तेव्हा तो शोध आपोआप कोणाच्या दुकानात जातो, यावर सगळं गणित आहे. अमेरिकेत गूगलविरुद्ध चाललेल्या खटल्यात उघड झालं, की ही मोक्याची जागा राखण्यासाठी गूगलने एकट्या २०२१ सालात इतर कंपन्यांना २६.३ अब्ज डॉलर मोजले. फायरफॉक्सवाल्या मोझिलाचं घर मुख्यतः याच भाड्यावर चालतं. आणि पूलच आपल्या मालकीचा असेल तर भाडंही वाचतं. गूगलने २००८ मध्ये क्रोम काढला, तो काही नुसत्या हौसेने नव्हे.

‘सारखेच’ हे तुमचं निरीक्षणही बरोबर. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह या सगळ्यांच्या पोटात गूगलच्या पुढाकाराने चालणारं क्रोमियम आहे. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये स्वतःचं इंजिन बाजूला ठेवून एजमध्ये तेच बसवलं. झोहोचा देशी ‘उला’ही त्यावरच उभा. वेगळी चूल मांडून बसलेले मोठे दोघेच : ॲपलचा सफारी आणि फायरफॉक्स.

एकाचंच राज्य झालं तर बिघडतं काय? २००० सालच्या आसपास अंधेरी-बोरिवलीच्या सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून ज्यांनी मराठी बातम्या वाचल्या, त्यांना विचारा. युनिकोड अजून रुळलं नव्हतं. ज्याची साइट, त्याचा फॉन्ट. तो पानासोबत पाठवायची सोय मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये एक, तर नेटस्केप या तेव्हाच्या दुसऱ्या ब्राउझरमध्ये भलतीच. फक्त एक्सप्लोररची सोय केलेली साइट दुसरीकडे उघडली, की मराठीच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी! पुढे नेटस्केप हरला, एक्सप्लोररचा वाटा नव्वद टक्क्यांच्या वर गेला आणि मायक्रोसॉफ्ट सुस्तावली. एक्सप्लोररची सहावी आवृत्ती २००१ ची, सातवी थेट २००६ ची. मधल्या काळात, २००४ मध्ये, फायरफॉक्स आला. एकाच खिडकीत अनेक टॅब उघडणारा, आगंतुक पॉप-अप अडवणारा. तेव्हा कुठे सातव्या एक्सप्लोररला टॅब सुचले.

आताची चुरस एआयची. पर्प्लेक्सिटीचा कॉमेट आणि ओपनएआयचा ॲटलस हे ब्राउझर २०२५ मध्ये आले. आत क्रोमियमच, पण पान दाखवून ते थांबत नाहीत. लांबलचक मजकुराचं सार सांगतात, म्हणाल तर तुमच्या वतीने फॉर्मही भरू लागतात. सोय मोठी, पण त्यात एक मेख आहे. पानात कोणी लपवून ठेवलेली सूचना हा मदतनीस तुमचीच आज्ञा समजून पाळू शकतो. म्हणून ज्या ब्राउझरमध्ये बँक आणि डिमॅटची कामं करता, तिथे त्याला शिरू देऊ नका.

तुमच्यापुरता सल्ला : लॅपटॉपवर दोन ब्राउझर असू द्या, एक क्रोमियमचा आणि एक फायरफॉक्स. एखादी साइट एकात अडली, तर दुसऱ्यात उघडून पाहा. आणि सवडीने सेटिंग्जमध्ये जाऊन ‘सर्च इंजिन’ हा पर्याय शोधा. जिन्याखालचा गाळा कोणाला दिलाय, ते तिथे दिसेल. भाडेकरू बदलायचा असेल, तर तोही तिथेच बदलता येतो, आणि पागडी लागत नाही.